झाकणाच्या आतल्या सह्या

सांगली,
रविवार दुपार

प्रिय विनू,

स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोन गोष्टी विचारल्यास. मुक्तासाठी लॅपटॉप कुठला घ्यावा, आणि दिवसभर ॲपलच्या मशिनांना शिव्या घालणारा मी त्या दिवशी चहाच्या गाड्यावर स्टीव्ह जॉब्सची बाजू घेऊन पक्याशी एवढा का भांडलो. लॅपटॉपचं शेवटी सांगतो, ते चार ओळींत संपेल. दुसऱ्याला जरा वेळ लागेल, तेव्हा चहा ठेव आणि वाच.

आधी शिव्यांचं. त्या मी मागे घेत नाही. माझं पोट पेचकसावर चालतं. मशिन टेबलावर आलं की पहिलं काम ते उघडायचं, आणि ॲपल काढणाऱ्या या जॉब्सला नेमकं तेच नको होतं. तेही पहिल्यापासून. १९७७च्या ॲपल टू मध्ये त्याचा जोडीदार वॉझनियाक याला जास्तीची कार्डं बसवायला आठ स्लॉट, म्हणजे खाचा, ठेवायचे होते. जॉब्स म्हणे दोन पुरेत, एक प्रिंटरला, एक मोडेमला. वॉझनियाकने त्याला चक्क सुनावलं की दोनच हवे असतील तर दुसरं मशिन शोध. आठ राहिले, आणि त्या स्लॉटांच्या जिवावर ॲपल टू चं खानदान १९९३पर्यंत विकलं गेलं. त्यातून जॉब्सने धडा घेतला तो उलटाच. २४ जानेवारी १९८४ला मॅकिंटॉश, म्हणजे पहिला मॅक, आला : १२८ केबी मेमरी, किंमत २,४९५ डॉलर, स्लॉट नाही, पंखा नाही, मेमरी वाढवायची सोय नाही. झाकणाला टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू, आणि तेही इतके खोल की लांब दांड्याचा पेचकस हवा. तेव्हा तो कुणाच्या घरी असणार? आतला सर्किट बोर्ड करणारा बरेल स्मिथ मात्र वस्ताद. त्याने साहेबाला न जुमानता जास्तीच्या मेमरीची वाट बोर्डात ठेवून दिली होती, म्हणून त्याच वर्षी ५१२ केबीचं मॉडेल पटकन काढता आलं.

पुढचं तुला माहीत आहेच. आयपॉडची बॅटरी गिऱ्हाइकाने बदलायची नाही. २००८च्या मॅकबुक एअरमध्ये रॅम, म्हणजे मेमरी, थेट बोर्डाला सोल्डर. आणि मग आयफोन ४चा तो स्क्रू. पुन्हा आलास की भिंगाखाली दाखवतो. पाच पाकळ्यांचं इवलंसं फूल, दिसायला इतकं गोड की अंगठीत बसवावं. त्यात साधा फिलिप्स, म्हणजे चौफुलीचा पेचकस, घातलास की तो फिरतो, निसटतो. जोर लावलास की पाकळ्या झिजून वाटोळं भोक उरतं, आणि मग डोकं पोखरून काढण्याशिवाय इलाज नाही. आता तो पेचकस मोबाइल स्पेअरच्या कुठल्याही दुकानात पैशाला पासरी मिळतो, तेव्हा माझं रडगाणं खर्चाचं नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचं झाकण उघडायला कंपनीची परवानगी का लागावी, एवढंच माझं म्हणणं आहे. (बॅटरी गोंदाने चिकटवलेले रेटिना मॅकबुक २०१२चे, म्हणजे तो गेल्यानंतरचे. सगळंच त्याच्या माथी मारत नाही. पण वळण त्याचंच.)

सॉफ्टवेअरचं कुलूप तर याहून मोठं. २००८च्या जुलैत आयफोनवर प्रोग्राम घालायची वाट ठेवली ती ॲप स्टोअरच्या दारातूनच. रिचर्ड स्टॉलमन, सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या ताब्यात हवं म्हणणारा तो मुक्त सॉफ्टवेअरवाला, याच मुद्द्यावर आयुष्यभर भांडला आणि मुद्दा त्याचाच बरोबर आहे असं मला वाटतं. पण जॉब्स ५ ऑक्टोबर २०११ला गेला आणि दुसऱ्याच दिवशी स्टॉलमनने लिहिलं की तो मेल्याचा आनंद नाही, पण तो आता इथे नाही याचा आहे. तेव्हा वाचलं आणि घशात अडकलं. मुद्दा माझाच होता, माणूसही माझ्या बाजूचा, आणि तरी मला ते वाक्य माझं म्हणता येईना. माझ्या या अडकण्यामागे ‘मरणान्तानि वैराणि’वाली सभ्यता नव्हती. गेलेल्याबद्दल चांगलं बोलावं म्हणून मी बोलत असतो तर वर्षभरात विसरलो असतो.

पक्याचं म्हणणं तू ऐकलंसच. ‘त्याने स्वतः केलं काय? ना कोड लिहिला, ना सर्किट काढलं. सेल्समन होता सेल्समन.’ पहिलं अर्धं खरं आहे. म्हणूनच तर मी चिडलो, कारण अर्ध्या खऱ्याला उत्तर द्यायला अख्खा तास लागतो आणि पक्या कटिंग संपली की उठतो.

त्या पहिल्या मॅकचंच घे. झाकण उघडू नये म्हणून एवढा बंदोबस्त केला ना, त्याच झाकणाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये सह्या उठवलेल्या आहेत. मशिन बनवणाऱ्या टोळीच्या. १९८२ मध्ये जॉब्सने सगळ्यांना जमवून एका कागदावर सह्या घेतल्या, कारण चित्रकार चित्रावर सही करतो तर यांनी का नाही, आणि त्या थेट साच्यात उतरवल्या. त्याची स्वतःची सही शेवटी. आता मला सांग, बंद ठेवायच्या डब्याच्या आत सह्या कुणासाठी? गिऱ्हाईक बघणार नाही, दुकानदार बघणार नाही, जाहिरातीत दिसणार नाही. बघणार तो फक्त झाकण काढणारा. म्हणजे मी. ज्याला त्याने दाराबाहेर ठेवलं, त्याच्यासाठीच आत सह्या करून ठेवल्या. फोटोत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोठ्याने हसलो, आणि मग बराच वेळ तो फोटो बघत बसलो.

सेल्समन आतल्या बाजूला हात लावत नाही रे. अँडी हर्ट्झफेल्ड म्हणून त्या टोळीतलाच प्रोग्रामर, त्याने या आठवणी लिहून ठेवल्यात. मॅकचा बोर्ड जॉब्ससमोर ठेवला तर हा म्हणे, मेमरीच्या ओळी फार दाटीत आहेत, कुरूप दिसतंय. इंजिनियर म्हणाले, बोर्ड बघतंय कोण? हा म्हणाला, मी बघणार. चांगला सुतार कपाटाच्या मागे भिंतीकडच्या बाजूला भिकार लाकूड लावतो का? शेवटी पाचेक हजार डॉलर घालून त्याच्या मनासारखे बोर्ड करून पाहिले. ते नीट चाललेच नाहीत, मग मुकाट्याने जुन्या मांडणीवर आले. इथे तो साफ चुकला, हे मी पक्याआधी कबूल करतो. मी रोज बोर्ड बघतो, ओळी सुंदर असून करंट वाहत नाही. पण ही खोड आली कुठून बघ. बाप, पॉल जॉब्स, हाताने काम करणारा मेकॅनिक, जुन्या गाड्या दुरुस्त करून विकायचा. घराला कुंपण घालताना कुणाला न दिसणारी मागची बाजूही तेवढीच नीट करायची, हे त्याने पोराला शिकवलं. दुरुस्तीवाल्याचं पोर आणि दुरुस्तीवाल्यांनाच दार बंद! याला काय म्हणशील?

हर्ट्झफेल्डची आणखी एक गोष्ट. मॅक चालू व्हायला वेळ लागतो म्हणून हा प्रोग्रामरच्या मागे लागला. दहा सेकंद कमी कर. पन्नास लाख लोक रोज मशिन चालू करतील, म्हणजे दिवसाला पाच कोटी सेकंद, वर्षाचे झाले तर डझनावारी आयुष्यं वाचतील. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. सत्तर वर्षांचं आयुष्य धरलं तर आठ येतात. आठच! डझनावारी कुठली? पण आठ का होईनात, बूट होण्याच्या वेळात माणसांची आयुष्यं मोजणारा मालक माझ्या तरी ऐकण्यात दुसरा नाही.

आणि कॅल्क्युलेटरवरून आठवलं. मॅकमधला छोटा कॅल्क्युलेटर ख्रिस एस्पिनोसा या पोराने काढला. जॉब्स रोज येऊन नाकं मुरडणार : रेघा जाड, बटणं मोठी, पार्श्वभूमी काळपट. पोरगं वैतागलं आणि त्याने रेघांची जाडी, बटणांचा आकार, सगळं मेनूतून बदलता येईल असा प्रोग्रामच लिहून त्याच्यापुढे ठेवला, की घे, कर तुझं तूच. जॉब्सने बसून स्वतः जमवला, आणि तोच कॅल्क्युलेटर पुढे वर्षानुवर्षं मॅकवर राहिला. कोड नाही लिहिला, बरोबर. पण काम केलंच नाही असं कसं म्हणायचं?

आता तुझ्या घरातली गोष्ट. काकांचा छापखाना आठव. खिळ्यांच्या केसेस, शाईने काळी बोटं, लग्नसराईत रात्र रात्र जागणारे जुळारी, आणि एखाद्या जोडाक्षराचा खिळा संपला की ‘पाहुण्यांना सांगा, मजकूर जरा बदलतो’ म्हणणारे काका. ते जग उठलं त्याची सुरुवात १९८५ची. एकीकडे मॅकचा पडदा, ज्यावर पान छापून येईल तसंच दिसतं. दुसरीकडे लेझररायटर प्रिंटर, त्यात पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी ॲडोबीची भाषा, पोस्टस्क्रिप्ट. आणि वर पानं जुळवायचा प्रोग्राम, आल्डस कंपनीचा पेजमेकर. तो प्रिंटर ६,९९५ डॉलरचा, मॅकच्या दुपटीहून महाग, आणि त्याच्या पोटातला प्रोसेसर मॅकपेक्षा वेगवान. एकट्यादुकट्याला परवडणार नाही म्हणून अनेक मॅक एकाच प्रिंटरला तारेने जोडायची सोय केली. अशी वेडी किंमत लावून तो प्रिंटर बाजारात आणायचा हट्ट जॉब्सचा. कॉलेज सोडल्यावरही तिथे घुटमळत तो सुलेखनाच्या वर्गाला बसायचा, ही गोष्ट त्याने २००५च्या स्टॅनफर्डच्या भाषणात सांगितली आणि ती आता सगळ्यांच्या तोंडी आहे, तेव्हा पुन्हा उगाळत नाही. आपल्या गल्लीत डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवणं, आलं ते विंडोजवरून, पेजमेकरही विंडोजचाच, आणि बहुतेकांचा फुकटचा. मराठी फॉन्टच्या फ्लॉप्या हातोहात फिरायच्या. पण काकांनी छपाईचं ट्रेडल यंत्र विकून घेतलेल्या त्या पहिल्या कॉम्प्युटरच्या वंशावळीत हा माणूस बसलेला आहे. काकांना त्याचं नावही माहीत नव्हतं.

माणूस म्हणून त्याच्याशी माझं जमलं नसतं. स्वतःच्या मुलीला, लिसाला, त्याने आधी नाकारलं. अटारी या व्हिडिओ गेमच्या कंपनीच्या कामाची हजारो डॉलरची बिदागी मिळाली तर रात्री जागून सर्किट काढणाऱ्या वॉझनियाकच्या हातावर ३५० डॉलर ठेवले. हे मला पचत नाही आणि पचवायचा प्रयत्नही करत नाही. तसंच १९७४ मध्ये तो नीम करोली बाबांच्या ओढीने भारतात आला होता म्हणून त्याला अर्धा संत ठरवणारे मेसेज मला पाठवू नकोस. बाबा आदल्या वर्षीच गेले होते.

मग आदर कशाचा? पक्याला हेच सांगत होतो तेवढ्यात तो उठला. पहिल्या मॅकच्या कीबोर्डवर बाणाच्या कळा नव्हत्या, ठाऊक आहे? विसरून राहिल्या नव्हत्या, त्याने मुद्दाम काढल्या. कळा दिल्या तर लोक माउसला हात लावणार नाहीत आणि सॉफ्टवेअरवाले जुनेच प्रोग्राम आणून चिकटवतील. मला हे पटत नाही. गिऱ्हाइकाला असं कोपऱ्यात घेऊन शिकवायचं नसतं. पण न पटायला समोर काहीतरी आहे! एक माणूस आहे, त्याचं म्हणणं आहे, त्यामागे कारण आहे, आणि ते अंगावर घ्यायची तयारी आहे. परवा माझ्याकडे एक लॅपटॉप आला, कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे. बिजागरी घट्ट, पण ती ज्या प्लॅस्टिकच्या बोंडांत बसवली होती ती तडकून बाहेर आलेली. हे दुखणं घेऊन सारखी मशिनं येतात. असं का केलं? कुणीतरी कुठेतरी चार रुपये वाचवले. कुणी, ते त्या कंपनीतही कुणी सांगू शकणार नाही. त्या मशिनला मी शिवीसुद्धा देत नाही, फेव्हिक्विक आणि तारेने बसवतो आणि परत करतो. शिव्या ॲपलला, कारण तिथे शिवी ऐकून घेणारा कुणीतरी होता. भांडायच्या लायकीचा. दुकानात एकटा असलो की अजून मी त्याच्याशी भांडतो, स्क्रू निघत नसला की जास्तच.

असो. मुक्ताचं. डिझाइनला जाणार असेल तर तिला मॅकच घेऊन दे. होय, मीच सांगतोय. पडद्याचे रंग चांगले, बॅटरी टिकते आणि तिच्या वर्गात बहुतेकांकडे तेच असणार. फक्त रॅम आणि स्टोरेज घेतानाच परवडेल तेवढं जास्त घे, कारण नंतर वाढवता येणार नाही, आणि तेव्हा माझ्याकडे आणून उपयोग नाही. पाण्याची बाटली आणि लॅपटॉप एका सॅकमध्ये ठेवायचं नाही असं तिला बजाव. बिल तिच्या नावाने कर. विद्यार्थ्यांना सूट मिळते, कॉलेजचं ओळखपत्र हातात आल्यावरच दुकानात जा, आठ दिवस थांबलात तरी चालेल.

काकूंना नमस्कार. पक्या भेटला तर त्याला म्हणावं, पुढच्या वेळी दोन कटिंग माझ्याकडून, पण बस.

तुझा,
सुध्या