चेहऱ्यावरील मोठ्या जन्मखुणेवरचे उपचार ही चैन नव्हे

महोदय,

माझ्या साडेचार वर्षांच्या नातीच्या कपाळापासून उजव्या पापणीपर्यंत जन्मतःच मोठे काळे, केसाळ लासे आहे. 'ग्रहणात सुनेने विळी हाताळली असेल' असे ऐकवणारे ठाण्यासारख्या शहरातही भेटले. गर्भाची वाढ होत असताना रंगपेशींत जनुकीय बदल होऊन अशी खूण उमटते आणि त्यात आईचा काडीचाही दोष नसतो.

एवढी मोठी खूण एकदम काढली, तर ती जागा झाकायला जवळची कातडी पुरत नाही. म्हणून शेजारच्या निरोगी त्वचेखाली सिलिकॉनचा फुगा बसवतात, साधारण दर आठवड्याला सुईने त्यात थोडे थोडे सलाईन भरतात आणि दोन-तीन महिन्यांत त्वचा पुरेशी वाढली की फुगा काढून, खुणेचा भाग कापून, ती तेथे ओढून शिवतात. पापणीसाठी मात्र कानामागची पातळ त्वचा लावावी लागते. सलाईन भरताना नातीच्या कपाळाची कातडी ताणून चकाकते आणि ती आजीचे बोट घट्ट धरून पन्नासपर्यंत अंक म्हणते. फुग्याला कुणाचे कोपर लागू नये, म्हणून लोकलमध्ये मी तिच्यासमोर हात आडवा धरून उभा असतो. फुगा गळला किंवा तेथे जंतुसंसर्ग झाला, तर केलेले सारे वाया जाऊ शकते.

आमच्या विमा कंपनीने 'सौंदर्यशस्त्रक्रिया' असा शेरा मारून दावा फेटाळला. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा आरोग्याला थेट व तातडीचा धोका असेल, तरच पॉलिसीत अशा शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. कर्करोगाची भीती दाखवून मला मागणी रेटायची नाही. तो धोका थोडा असतो आणि शस्त्रक्रियेने पूर्णपणे टळतही नाही. पण दुभंगलेला ओठ शिवणे जर चैन ठरत नाही, तर मुलीचा अर्धा चेहरा व्यापणारी खूण काढणे चैन कशी ठरते?

मुलांची तपासणी करून मोफत उपचार देणाऱ्या केंद्राच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 2013 साली पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात झाला. त्यातील जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू आणि वाकडे पाऊल आहे. चेहऱ्यावरील मोठी जन्मखूण नाही. राज्य शासनाने केंद्राकडे पाठपुरावा करून तिचा समावेश करून घ्यावा आणि खर्चाची मंजुरी एकेका शस्त्रक्रियेला न देता सर्व टप्प्यांना एकत्रित द्यावी. फुगा बसवून झाल्यावर पुढच्या टप्प्याच्या पैशांसाठी थांबणे कोणत्याही कुटुंबाला शक्य नसते.

— एक आजोबा, नौपाडा, ठाणे