माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र: 'श्पिओने' शंभर वर्षांचा होतोय, तो पुण्यात आणि बेळगावात दाखवा

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा 'श्पिओने', म्हणजे हेर, हा मूकपट २२ मार्च १९२८ ला बर्लिनमध्ये रिलीज झाला. २०२८ मध्ये त्याला शंभर वर्षं होतील, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं तो मोठ्या पडद्यावर, वादकांना समोर बसवून दाखवावा आणि एक खेळ बेळगावातही लावावा, एवढी माझी मागणी आहे.

हागी नावाचा माणूस व्हीलचेअरवर बसून बँक चालवतो आणि त्याच बँकेच्या आड अख्खं हेरांचं जाळं. ३२६ नंबरच्या सरकारी एजंटला अडकवायला तो सोन्या नावाच्या आपल्या हेर बाईला पाठवतो आणि तीच त्याच्या प्रेमात पडते. हे पुढच्या हेरपटांनी इतकं वापरलंय की आता ओळखीचं वाटतं. पण मासिमोतोचा भाग बघाच साहेब. हा जपानी अधिकारी आपल्या तीन विश्वासू माणसांना तीन पाकिटं देऊन रवाना करतो, प्रत्येकाला वाटतं गुप्त करार आपल्याकडेच आहे, आत निघते नुसती रद्दी, तिघंही जिवानिशी जातात आणि खरा करार ह्याच्याजवळच. मग धो धो पावसात दारापाशी कुडकुडणारी एक मुलगी दिसते, तो दया येऊन तिला घरी नेतो आणि एका रात्री तीच, हागीची हेर असलेली, करार घेऊन पसार होते. तेव्हा ती मेलेली तिघं पाकिटं पुढे धरून त्याच्यासमोर उभी राहतात. मुलीनं दगा दिला हे खरंच, पण मला तरी त्यानं आधी आपल्याच माणसांना दिलेला दगा जास्त लागतो.

आता बेळगाव कशासाठी? लांगबरोबर हा पिक्चर लिहिणारी तेआ फॉन हारबू, तेव्हाची त्याची बायको. १९३३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, लांग जर्मनी सोडून गेला, ती तिथेच राहिली, नाझी पक्षातही गेली, आणि त्याच राजवटीत तिनं बेळगावकडच्या आयी तेंडुलकर ह्या पत्रकाराशी गुपचूप लग्न केलं. तेंडुलकर पुढे भारतात परतले. तिच्या नाझी सदस्यत्वावर पांघरूण नको, खेळाआधी तेही स्पष्ट सांगावं, पण मराठी माणसाच्या घराशी जोडलेली ही लेखिका आपल्याकडे किती जणांना माहितीये?

प्रिंटची अडचण येऊ नये. मूळ निगेटिव्ह उरलेली नाही, पण प्रागच्या संग्रहातल्या नायट्रेट प्रिंटवरून (म्हणजे जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिल्मवरून) जुने सिनेमे जपणाऱ्या जर्मनीतल्या मुर्नाऊ फाउंडेशननं तो पुन्हा उभा केलाय, त्यांच्याशी पत्रव्यवहार करायला आपलं खातं पुरेसं आहे. इकडे जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या आगीत आपली जुनी नायट्रेट रिळं जळून गेली, त्यामुळे दुसऱ्यांनी कसं वाचवलं हे आपल्या पोरांनी बघायलाच हवं. संग्रहालयाच्या लायब्ररीत विद्यार्थ्यांसाठी त्या रिस्टोरेशनवर एक वर्कशॉपही ठेवता येईल.

पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या मराठीत करा. साथीला हार्मोनियम-तबला ठेवा, आपल्याकडे मूकपटांना तीच साथ असायची. तिकीट कॉलेजच्या पोरांना परवडेल असं असू द्या आणि तारीख निदान सहा महिने आधी जाहीर करा, म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडची मंडळीही येऊ शकतील.

आपला,
पुण्यातला एक प्रेक्षक