गाडी पाठवताना बिल्टी वाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हिंजवडी किंवा खराडीतील नोकरी बदलली की बेंगळुरू, हैदराबादला बिऱ्हाड हलते आणि मागोमाग मोटारही कंटेनरमध्ये चढते. दरासाठी चार ठिकाणी घासाघीस करणारे आपण, गाडी ताब्यात देताना बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीवर, आणि तपासणीच्या कागदावर सही करतो ते मात्र वाचत नाही, आणि पुढची बहुतेक भांडणे त्या कागदांपाशीच येऊन अडतात.

मोठा कंटेनर कोथरूडच्या गल्लीत शिरत नाही, म्हणून कंपनीचा माणूस गाडी स्वतः चालवत यार्डात नेतो, इतर गाड्या जमेपर्यंत ती तिथे उभी राहते आणि मगच चाकांना पट्टे आवळून वर चढवली जाते. पोहोचण्याची तारीख पुढे ढकलली जाते ती बहुधा या खोळंब्यामुळे. आमच्या सोसायटीतील एका कुटुंबाची गाडी अशीच तिन्हीसांजेला, धुळीने माखलेली असताना नेली गेली. तपासणीच्या कागदावर छापलेल्या गाडीच्या आकृतीत मागच्या बंपरभोवती भलामोठा गोल काढून ‘जुने ओरखडे’ असा शेरा मारला होता. किलोमीटरचा रकाना कोराच होता. गाडी उतरली तेव्हा त्याच बंपरला तडा गेलेला होता आणि कंपनीने तो गोल पुढे केला. गाडी धुऊन, दिवसाउजेडी फोटो काढून आणि किलोमीटरचा आकडा लिहून घेऊनच किल्ली द्यावी, हे त्या कुटुंबाला कोणीही सांगितले नव्हते.

विम्याचा प्रकार तर याहून धूसर आहे. गाडीच्या किमतीच्या काही टक्के रक्कम ‘ट्रान्झिट विमा’ (वाहतुकीदरम्यानचा विमा) म्हणून घेतली जाते, पण विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक मागितला की टोलवाटोलवी सुरू होते. वास्तविक खासगी मोटारीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत गाडी रस्त्याने वा रेल्वेने वाहून नेताना होणारे नुकसानही सहसा धरलेले असते. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर ते मिळत नाही. वाहतूकदाराची जबाबदारी 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली ठरते. जादा जोखमीचा दर मान्य करून तो भरला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते, म्हणजे पंधरा हजार भाड्याला फार तर दीड लाख. शिवाय दावा लावण्याआधी, बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नुसत्या व्हॉट्सॲपवरील वादावादीत हे दिवस निघून जातात.

(परराज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची असेल तर आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि फेरनोंदणी लागते, देशभर चालणाऱ्या बीएच क्रमांक मालिकेच्या गाड्यांना ही दगदग नाही.)

फोनवर बुकिंग घेणारे पुष्कळदा निव्वळ दलाल असतात आणि गाडी प्रत्यक्षात नेणारा तिसराच असतो. 2007 च्या त्याच कायद्याने वाहतूकदाराला नोंदणी सक्तीची असल्याने, बिल्टीवर त्याचे नाव व नोंदणी क्रमांक आहे की नाही हे ग्राहकाला पडताळता यावे, यासाठी पुणे आरटीओने नोंदणीकृत वाहतूकदारांची अद्ययावत यादी कार्यालयाच्या दर्शनी भागात आणि संकेतस्थळावर मराठीत लावावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे