सायकल, रंग आणि तुझा हात

अमू,

"पोचलो" एवढा एकच मेसेज आला, म्हणजे राग अजून गेलेला नाही. फोनवर आपण दोघंही तोडून बोलतो म्हणून हे लिहितेय, तूच शिकवलेल्या त्या बोलून टाइप करायच्या सोयीने, तेव्हा चुका असतील त्या फोनच्या. आधीच ठरवलंय, धनुर्वाताच्या इंजेक्शनचा विषय काढायचा नाही. फक्त सायकलचं लिहायचं.

तर सायकल. लिफ्टमधून उभी करून आणलीस, हॉलमध्ये ठेवलीस, चादर ओढलीस आणि मी पहिलं काय बोलले तर "हा लाल कुठून आणलास, अण्णांचा हिरवा कुठे गेला". चार महिने दर शनिवारी भांडुपच्या त्या गाळ्यात गंज घासत बसलेल्या मुलाला आईने हे बोलावं! तुझा चेहरा उतरलेला मी बघितला, बाबांनीही बघितला, रात्री म्हणाले तुझ्या जिभेला हाड नाही. पण खरं सांगू का, रंग मला नंतर दिसला. आधी दिसला तुझा हात. अंगठ्यापासून मनगटापर्यंत ती मळकी पट्टी, आणि तू हसत हसत म्हणालास, मडगार्डचा पत्रा लागला, काही नाही गं. जीव घाबरला हातासाठी आणि तोंडातून निघालं रंगाचं. माझं असंच होतं. आज्जीचंही असंच व्हायचं.

1980 ला मी दहावी झाले तेव्हा माझ्या वडलांनी, अण्णांनी, ती बांधली. विकत नाही आणली, बांधली. वरळीच्या हिंद सायकलमध्ये आयुष्य गेलं त्यांचं, त्याच साली सरकारने कायदा करून कारखाना ताब्यात घेतला, आसनसोलचा सेन-रॅलेचापण त्याच कायद्यात, आणि अण्णा मजल्यावर सगळ्यांना सांगत फिरले की आता आम्ही सरकारी. फ्रेम एकाकडून, रिमा दुसऱ्याकडून, चेनकव्हर चोर बाजारातून, असं सामान महिनोन्‌महिने खाटेखाली जमत होतं. 160 फुटाची खोली, सात माणसं, त्यात सायकलचे सुटे भाग. पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. एकेक तार बोटाने छेडून आवाज ऐकायचे, ढिली असली की म्हणायचे ही बोलत नाही नीट. मागच्या चाकाला जाळी त्यांनी स्वतः विणली, मी कधीतरी साडी नेसेन म्हणून.

तू नवीन तारा घातल्यास ना? जुन्या फेकल्यास का? फेकल्या असशील तर सांगू नकोस.

आणि पेडलचा दांडा धरून ठेवणारी ती कॉटर पिन काढताना खाली टेकू दिला होतास का? नुसती हातोडी मारली की आतले छर्रे ठेचतात, मग पेडल मारताना कटकट येते. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हे माहीत असेलच. हातात जाड मोजे घालायचे असतात पत्रा घासताना, अण्णासुद्धा घालायचे, आणि त्यांचे हात कसले होते तुला आठवतंय. मोजे घातले असतेस तर... जाऊ दे. बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी.

गिरणी संपाच्या वर्षी, 1982, चाळीतले निम्मे पुरुष घरात बसलेले. आई डबे करायला लागली आणि ते पोचवायला मी, कॅरिअरला चार, हँडलला दोन, वरळी नाक्यापासून प्रभादेवीपर्यंत. पोरं ओरडायची, एकदा एकाने मागून कॅरिअर धरलं तर मी सरळ ब्रेक मारला, तो पडला आणि आमटीपण पडली. आमटीचे पैसे आईने माझ्याकडूनच कापून घेतले. तुझ्या बाबांनी मला पहिल्यांदा बघितलं ते त्याच सायकलवर, पण ती गोष्ट ते चुकीची सांगतात.

अमू, आज नववा दिवस आहे. कालनिर्णयवर मी रोज एक टिंब करतेय, साधारण 3 ते 21 दिवसांत कळतं म्हणून. गंजामुळे धनुर्वात होत नाही हे तू मला मोबाइलवर दाखवलंस, मान्य, जंतू मातीत आणि शेणात असतात. पण ती सायकल इतकी वर्षं गॅलरीत हुकाला टांगलेली, खाली उंदीर, वर कबुतरं, तिच्यावर काय गुलाबपाणी होतं का? आणि तुझी जखम खोल आहे, खोल जखमेत हवा पोचत नाही तिथेच ते वाढतात. तुझं शेवटचं इंजेक्शन सोळाव्या वर्षी, म्हणजे तेरा वर्षं झाली. अशा मळक्या जखमेला पाच वर्षं झाली असली तरी परत घ्यायला सांगतात. खालच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले, उशीर झाला तरी घ्या म्हणाल्या. पाच मिनिटांचं काम.

बाळूच्या पायात तर नुसती काडी घुसली होती. आईने हळद लावली होती.

विषय काढणार नव्हते, माहितेय. तू एकोणतीस वर्षांचा आहेस, नवीन नोकरी आहे, बंगळुरूत एकटा राहतोयस, तुझं तू बघतोस. शेजारच्या सगळ्यांना सांगितलंय मी, मुलाने आईची सायकल उभी केली म्हणून, तिसऱ्या विंगमधल्या मावशी बघायला येऊन गेल्या, घंटी वाजवून गेल्या. बाबा तर फडकं घेऊन मडगार्ड पुसतात, जेवायच्या टेबलाला जागा नाही पण सायकल हलवायची नाही. वॉचमन खाली पार्किंगमध्ये ठेवू देत नाही, म्हणतो स्टिकर पाहिजे. सायकलला कसलं स्टिकर?

काल पहाटे साडेपाचला मी ती खाली नेली. बाबांना सांगितलं नाही, गुडघ्यावरून ओरडले असते. पोडियमवर कोणी नव्हतं. दांडी नाही म्हणून पाय टाकता आला, नाहीतर काही खरं नव्हतं. पहिले दोन-तीन हात डगमगले, मग आपोआप जमलं. चार फेऱ्या मारल्या. डावा ब्रेक किंचाळतो, रबर रिमला तिरकं लागतंय, येशील तेव्हा बघ. चाक मात्र एवढंसंही आऊट नाही, उलटी करून फिरवून बघितलं. तारा छेडूनही बघितल्या. सगळ्या बोलतायत.

लाल रंगाची सवय होईल मला. चटकन होईल असं नाही.

प्राजक्ताला विचारलं तर ती म्हणाली काकू तो मलाही नीट सांगत नाही. म्हणून तुलाच लिहिलं. इंजेक्शन घेतलंस की चिठ्ठीचा फोटो पाठव, नुसता अंगठा नको. आणि पट्टी काढून हाताचाही एक पाठव, उजेडात.

आई