सही कोणाची, ते सांगते

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एमबीबीएस झालीस, पेशंट तपासतेस, औषधं लिहून देतेस, मग अजून वहीवर सरांची सही कशाला?" मी सांगायला लागले तेवढ्यात कॅज्युअल्टीतून कॉल आला आणि ते तसंच राहिलं. पुन्हा फोन केला असता तरी वेगळं काही घडलं नसतं. फोनवर आपलं बोलणं पाऊस, बाजारभाव आणि आईच्या गोळ्या यांच्या पुढे सरकतच नाही. म्हणून पत्र. आई, चष्मा लावून तूच मोठ्याने वाच. बाबांच्या हातात दिलंस तर दुसऱ्या ओळीलाच ते वाद घालायला लागतील.

ती वही म्हणजे लॉगबुक. एमडीच्या तीन वर्षांत मी काय काय केलं त्याची तारीखवार नोंद. पेशंटचा इनडोअर नंबर, आजार, केलेली प्रोसिजर, आणि त्यात माझा हात कितपत होता ते: नुसतं पाहिलं, मदत केली, वरिष्ठ शेजारी उभे असताना केलं, की एकटीने केलं. छातीत साठलेलं पाणी काढणं, पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं, मानेतल्या मोठ्या शिरेत लाइन टाकणं, श्वासनलिकेत नळी घालणं, अशी ती कामं. सेमिनार, जर्नल क्लब, केस प्रेझेंटेशन, डेथ मीटिंग यांच्याही नोंदी त्यातच. गाईड तपासतात, विभागप्रमुख प्रमाणित करतात आणि अंतिम परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे ती ठेवायची असते.

तुम्हाला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. एक्स्पोर्टच्या प्लॉटची फवारणीची वही तुम्ही इतकी वर्षं ठेवताय. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला, तोडणीला किती दिवस बाकी. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषावरून युरोपात द्राक्षं अडकली तेव्हा अख्खा निफाड तालुका हवालदिल झाला होता, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. आणि तुम्हीच हेही सांगता की अजून काही जण तपासणीच्या आदल्या रात्री चार पेनं घेऊन बसतात आणि हंगामाची वही एका बैठकीत भरून काढतात. आमच्याकडेही दोन्ही जातीचे लोक आहेत. वर्षभर लॉगबुक कपाटात, आणि परीक्षेच्या तोंडावर कोणी जुनी डिस्चार्ज कार्डं काढून नोंदी रचतोय, कोणी सहीसाठी सरांच्या केबिनबाहेर रांगेत उभा. अशा वहीत "एकटीने केलं" असं पन्नास वेळा लिहिलेलं असलं तरी त्या माणसाला मी आईला सुई टोचू देणार नाही.

सही खरी कधी होते ते सांगते. माझ्या युनिटच्या मॅडम कडक आहेत. पहिल्या वर्षी औषध प्यायलेला किंवा फवारणीतून बाधा झालेला पेशंट आला की आम्ही सगळे आधी डोळ्यांतल्या बाहुल्या बघायला धावायचो. बारीक झाल्यात का? झाल्यात. मग अॅट्रोपिन, म्हणजे विषाचा उतारा. मॅडम म्हणायच्या, बाहुल्या सगळ्यांनाच दिसतात, तू छाती ऐक. विषाने पाणावलेली फुप्फुसं कोरडी झाली का, ते कळल्याशिवाय अॅट्रोपिन पुरलं की नाही हे कळत नाही. दर थोड्या वेळाने स्टेथोस्कोप लावायचा, नाडी बघायची, बीपी बघायचं, लिहायचं, पुन्हा ऐकायचं. त्या तिथे खुर्ची टाकून बसायच्या आणि माझ्यानंतर स्वतः ऐकायच्या. दोघींना सारखंच ऐकू आलं, असं बऱ्याचदा झाल्यावर त्यांनी नोंदीवर सही केली. त्या सहीचा अर्थ एवढाच की हिने केलं ते मी पाहिलं आहे. बाबा, तुम्ही विचारलेली सही ती ही.

आता प्रबंधाबद्दल, कारण आईला वाटतं मी रात्री लॅपटॉपवर पिक्चर बघते. माझा विषय कीटकनाशकांच्या विषबाधेचाच आहे: रक्तातल्या कोलिनेस्टरेज या एन्झाइमची पातळी किती खाली गेली यावरून कोणाला व्हेंटिलेटर लागेल याचा अंदाज येतो का. द्राक्षपट्ट्यातल्या पोरीने दुसरा कुठला विषय घेतला असता? आधी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा लिहायचा, तो संस्थेच्या एथिक्स कमिटीपुढे मांडायचा, मग विद्यापीठाकडे. या कमिटीत नुसते डॉक्टर नसतात. एक कायद्याचा माणूस लागतो आणि वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्तीही लागते. आमच्या कमिटीत अशा एक बाई आहेत. माझ्या संमतीपत्राच्या प्रत्येक वाक्यावर त्यांचा एकच प्रश्न: हे रात्री दोन वाजता, घाबरलेल्या बापाला कळेल का? सबंध एमडीत मला विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न हाच असेल.

त्यानंतर पेशंट गोळा करायचे, प्रत्येकाची माहिती मास्टर चार्टमध्ये भरायची, संख्याशास्त्रवाल्यांच्या मागे लागायचं, आणि परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध सादर करायचा. दिंडोरी रोडला म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची कमान दाखवून तुम्ही मला लहानपणी म्हणायचात ना, इथे डॉक्टर तयार होतात? तयार इथे होत नाहीत, पण १९९८ पासून राज्यभरातल्या बहुतेक डॉक्टरांच्या परीक्षा आणि पदव्या इथूनच चालतात. नागपूरचा पोरगा असो की मुंबईचा, त्याची मार्कशीट आपल्या नाशिकची.

बाकीच्या अटी भराभर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी आत्या विचारेल तेव्हा तुम्हाला उत्तर देता येईल. पहिल्या वर्षातच संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स, तो आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, चेन्नईतल्या संस्थेचा. नीतिमत्तेचा एक कोर्स. हृदय बंद पडलं तर काय करायचं त्याचा एक. परिषदेत पोस्टर, तोंडी सादरीकरण किंवा छापून आलेला शोधनिबंध, यांतलं काहीतरी पदरात पाडायचं. हजेरी किमान ८० टक्के. शेवटी शंभर-शंभर मार्कांचे चार पेपर आणि प्रॅक्टिकल. नियमाने वर्षाला २० किरकोळ रजा आहेत आणि आठवड्याला एक सुट्टीही आहे, फक्त "कामाची निकड नसेल तर". मेडिसिनच्या वॉर्डात निकड नसलेला आठवडा मी अजून पाहायचा आहे. १९९२ च्या केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टर योजनेत तर सलग ड्युटी साधारण १२ तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नको असं लिहिलंय. हे वाचून आम्ही रूमवर पोट धरून हसलो होतो. पण आई, तू मनाला लावून घेऊ नकोस, माझं जेवण वेळेवर होतं. निदान एक वेळचं.

खरं सांगायचं ते कळवणबद्दल आहे. नव्या नियमांनुसार प्रत्येकाला तीन महिने जिल्ह्याच्या सरकारी आरोग्यसेवेत काढावे लागतात, डीआरपी म्हणतात त्याला. बऱ्याच जणांना ती शिक्षा वाटते, किंवा अभ्यासाला मिळालेली सुट्टी. मला कळवणचं उपजिल्हा रुग्णालय मिळालं तेव्हा तुम्ही म्हणालात, एवढं शिकून आदिवासी भागात कशाला पाठवतात? तिथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पोरं आली, सांधे दुखून कळवळणारी. पुस्तकात सिकलसेलचं एक प्रकरण असतं, तिथे एकेका घरात तो असतो. सुरगाण्याच्या बाजूने साप चावलेले यायचे. रक्त गोठतंय की नाही हे बघायला मोठी लॅब लागत नाही, बाबा. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करायची. रक्त पातळच राहिलं तर बहुधा घोणस किंवा फुरसं. ती २० मिनिटं तिथले वैद्यकीय अधिकारी मला घड्याळाकडे बघू द्यायचे नाहीत. पापण्या उघडतात का बघ, आवाज बदलला का बघ, लघवी झाली का विचार. मण्यार चावला असेल तर ती नळी काहीच सांगणार नाही, पापण्याच सांगतील. त्यांना शिकवायचा कोणी पगार देत नाही. त्यांनी माझ्या डीआरपीच्या नोंदींवर केलेल्या सह्या मी फोटो काढून ठेवल्या आहेत.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तुम्हाला आठवत असतील, पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्यावर पेपरात आलं होतं. कोकणातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचू चावलेल्या पेशंटांच्या नोंदी त्यांनी रात्र-रात्र शेजारी बसून ठेवल्या, आणि त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यांना कोणी लॉगबुक सक्तीचं केलं नव्हतं. कळवणला असताना मला त्यांची फार आठवण यायची. आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात जे दिसतं, त्याच्या अशा नोंदी कोण ठेवतंय?

आता गाळ्याचं. पिंपळगावला हायवेलगत माझ्या दवाखान्यासाठी गाळा बघितलाय, विसार द्यायचाय आणि त्यासाठी खालच्या अंगाचा अर्धा एकर विकायला काढायचा विचार आहे, हे मला दादाकडून कळलं. तुम्ही सांगितलं नाहीत, कारण मी नको म्हणेन हे तुम्हाला माहीत होतं. तर नको. रागावू नका, पुढे वाचा.

एमडी झाल्यावर मी लगेच पाटी लावणार नाहीये. एक वर्ष सीनियर रेसिडेंट म्हणून काढणार आहे. मेडिकल कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचा तो नेहमीचा रस्ता आहे, आणि मला व्हायचंय. पदवीच्या पोरांना वॉर्डात शिकवणं हाही आमच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. त्यात लक्षात आलं की मला ते आवडतं आणि बऱ्यापैकी जमतं. पहिल्यांदा पोटातलं पाणी हाताने चाचपणारा मुलगा कुठे चुकतोय हे मला त्याच्या खांद्यावरून दिसतं. आमच्याकडे पेशंट भरपूर, बघणारे कमी. जागा भरलेल्या असतात, माणूस शेजारी उभा नसतो, आणि मग सह्या नुसत्या शाईच्या होतात. मॅडम आहेत म्हणून माझं निभावलं. माझ्या मागच्या बॅचेसना मॅडम मिळतीलच असं नाही.

पैशांचंही बोलते, कारण तुम्ही तेच विचारणार. सहायक प्राध्यापकाच्या पगारात हायवेवरचा गाळा येत नाही हे खरं. पण गाळा घेतला तर त्याच्या हप्त्यांसाठी मला रोज किती पेशंट बघावे लागतील, प्रत्येकाला किती मिनिटं देता येतील, आणि गरज नसलेल्या तपासण्या लिहायचा मोह किती होईल, याचा हिशोब मी करून पाहिलाय. तो मला आवडला नाही. पुढे पाच-सात वर्षांनी वाटलं तर संध्याकाळी दोन तासांची ओपीडी भाड्याच्या खोलीतही चालते. बागायती जमीन मात्र गेली की गेली.

आई, लोक काय म्हणतील हे तू बोलणार नाहीस, पण तुझ्या मनात येईल. म्हणू देत. डॉक्टर होऊन नोकरी करते म्हणतील. तू सांग, मास्तरीण आहे.

बाबा, तुमचं म्हणणं मला ऐकायचंय, नुसतं "बरं" नको. गोडी छाटणीच्या आधीच्या रविवारी मी ड्युटी बदलून घेतली आहे. सकाळच्या गाडीने येईन, संध्याकाळी परत. तोवर विसार देऊ नका एवढंच मागणं आहे. दादालाही थांबायला सांगा, त्याचाही त्या वावरात वाटा आहे.

तुमची लेक

ता. क. नोझल तुंबलं की आपल्याकडचा गडी अजून तोंडाने फुंकतो, हे मी मागच्या खेपेला पाहिलं. ते बंद म्हणजे बंद. जुना टूथब्रश ठेवा त्यासाठी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि फवारणी झाल्यावर आंघोळीआधी तंबाखू मळायची नाही. हे तुम्हालाही लागू आहे, बाबा. आईला बघायला सांगितलंय.