सही करण्यापूर्वी

विक्रोळी, मुंबई

चि. सुमेध यास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठलास आणि रात्रीच्या एसटीने साताऱ्याला निघून गेलास. ते भांडण उकरून काढण्यासाठी हे पत्र नाही. गावच्या जमिनीवर वारसनोंद करून घे, आत्याचे नाव सुटू देऊ नकोस; मात्र त्या एजंटाच्या कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे जमिनीचे सगळे व्यवहार त्याच्या हाती सोपवणाऱ्या कागदावर, सही करू नकोस.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले आहे, ते नीट वाच. महार वतनाची ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणूनच तो एजंट खरेदीखताचे नाव काढत नाही. ताबा त्याचा आणि शर्तभंगाची नोटीस आपल्याला, असा हा व्यवहार आहे.

ज्या वतनापायी पणजोबांनी गावाचे सांगावे वाहिले, मेलेली ढोरे ओढली, ते कशाला कवटाळायचे, असे तू विचारलेस. त्यात खोटे काही नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही वेठ मोडण्यासाठीच. पण १९५८ च्या कायद्याने वतन गेले आणि कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन आपली झाली. त्या रकमेपायी आजींचे तोडे मोडले. पुढे १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आप्पा तुरुंगात गेले. स्वतःचे बत्तीस गुंठे असताना, ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांच्यासाठी.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात शेजाऱ्याने बांध कोरून आपली दोन तासे आत घेतली होती. आप्पांनी पावले टाकून ती मोजली, मला म्हणाले, "लिहून ठेव," आणि भांडायला मात्र गेले नाहीत, कारण आपली वाट त्याच्याच रानातून जात होती. ती वही अजून कपाटात आहे.

पाहा, पुन्हा शाळा भरवली मी. रागावू नकोस. बदलापूरच्या घरासाठी तुझी ओढाताण होते, ती मला दिसते. माझ्या फंडातले उरले आहेत ते घे. तुझे बाबा उताऱ्यावर अंगठा उठवणाऱ्याचे नातू होते, आणि तू तोच उतारा ऑनलाइन काढून मला समजावतोस, याचा मला किती अभिमान वाटतो ते रविवारी सांगायचे राहिले. म्हणूनच सहीची भीती वाटते.

तहसीलला एजंटाच्या गाडीतून जाऊ नकोस, एसटीने जा. आणि कागद पुढे आलाच, तर आधी मला फोन कर.

तुझी,
आई