दुपारच्या बोटीने जा

रत्नागिरी

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं सहलीचं पत्रक नीट वाचलं. सकाळी निघायचं, स्पीडबोटीने चार बेटं करायची आणि उन्हं कलायच्या आत हॉटेलवर परत. पैसे भरण्याआधी माझं जरा ऐक. थायलंडला फुकेतला जाताय तर फांग न्गाची खाडी बघायलाच हवी, पण अशी धावत बघू नका. दुपारी निघून सूर्यास्ताला खाडीत थांबणारी आणि अंधार पडल्यावर परतणारी एक मोठी बोट असते. तिच्यावर वल्ह्याच्या छोट्या होड्या, कॅनू, बांधलेल्या असतात. त्या बोटीने जा. बाबा आणि मी तसेच गेलो होतो. तेव्हा तुला फोटो पाठवले, पण जे बघितलं त्यातलं फोटोत फारसं आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तुझ्या पत्रकावर सगळ्यात मोठा फोटो जेम्स बाँड बेटाचा आहे. पाण्यातून सरळ वर आलेला तो वीसेक मीटरचा सुळका म्हणजे को तापू. १९७४ सालच्या बाँडपटामुळे तो जगभर पोचला. पाण्यापाशी तो निमुळता आणि वर रुंद आहे. तो आणखी झिजू नये म्हणून १९९८पासून त्याच्याजवळ बोटी न्यायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणजे समोरच्या बेटावर उतरायचं, गर्दीतून किनाऱ्यावर यायचं, लांबून फोटो काढायचा आणि हाक आली की परत बोटीत बसायचं. को पान्यी हे पाण्यात खांबांवर वसलेलं मुसलमान कोळ्यांचं गावही त्या पत्रकात जेवणाचा थांबा म्हणून टाकलंय. अख्खं गाव जेवणापुरतं बघणं मला पटत नाही. तिथे जायचंच असेल तर वेगळा दिवस काढा, रात्री गावातच राहा.

आपल्या कोकणात अशी बेटं का नाहीत, हे इरा विचारणारच. तिला सांग, आपला काळा कातळ लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाण्याने तो झिजतो, पण विरघळत नाही. तिथला दगड चुनखडीचा आणि पंचवीस कोटी वर्षांहून जुना. उथळ, उबदार समुद्रात शंखशिंपले आणि प्रवाळ साचून तो बनला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि असा दगड हळूहळू विरघळवतं. भेगा रुंदावतात, त्यांच्या गुहा होतात. शेवटच्या हिमयुगात, वीसेक हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा शंभराहून जास्त मीटर खाली होता. तेव्हा ही खाडीच नव्हती, सपाट जमिनीवर नुसते डोंगर उभे होते. पुढे बर्फ वितळलं, समुद्र वर चढला आणि डोंगरांची बेटं झाली. त्यातल्या काहींच्या पोटातल्या गुहांची छतं कोसळली. आत जुन्या वाड्याच्या चौकासारखी मोकळी जागा उरली, चारी बाजूंना उंच कडे, वर आभाळ, खाली समुद्राचं पाणी. या जागांना तिथे हाँग म्हणतात. बेटाला बाहेरून पूर्ण फेरी मारलीस तरी आत असं काही असेल याची शंकाही येत नाही. आत जायला पाण्यालगत एखादाच बोगदा, आणि तोही दिवसातून थोडाच वेळ उघडा.

सगळं पाण्यावर अवलंबून आहे, हे मला तुला मुख्य सांगायचंय. भरती चढली की बोगद्याचं तोंड पाण्याखाली जातं. फार ओसरली की आत नुसता चिखल राहतो. मधल्या पाण्यातच होडी जाते. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ पाऊण तासाच्या वरच पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज उपयोगाची नाही. तुझे आजोबा तिथीला तीनने गुणायचे, चाराने भागायचे आणि भरती किती वाजता ते सांगायचे. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, फुकेतला तसाच लावू नकोस. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी, हे तिथेही आहेच. म्हणून कोणतं बेट आधी, कोणती गुहा नंतर, कशात आज जाताच येणार नाही, हे तिथला माणूस पाणी बघून ठरवतो. पत्रकात लिहिलेली गुहा मिळाली नाही म्हणून त्याच्याशी वाद घालू नकोस. आमच्या बोटीवर एक गृहस्थ हटून बसले होते की आम्ही पैसे दिलेत, आम्हाला तिथेच न्या. होडी वल्हवणारा मुलगा शांतपणे त्यांना कातळावरची ओली रेघ दाखवत राहिला.

फुकेतच्या ईशान्येच्या आओ पो धक्क्यावरून आमची बोट निघाली आणि पहिल्यांदा को पानाक बेटापाशी थांबली. एका कॅनूत आम्ही दोघं आणि वल्हवणारा एक. कॅनू रबराची, हवा भरलेली. कड्याला लागून जाताना बघ, पाण्याच्या पातळीला कातळ आत खोल कोरला गेलाय आणि वरचा भाग छज्जासारखा बाहेर आलाय. पाण्यासोबत दगडात बिळं करणारे जीवही ते कोरत असतात. बोगद्यात शिरताच अंधार झाला. वटवाघळांच्या विष्ठेचा असा उग्र दर्प आला की डोळे चुरचुरले. त्याच्या कपाळावरच्या विजेरीच्या उजेडात छताला लोंबणारी वटवाघळं दिसत होती. मग छत खाली येऊ लागलं आणि त्याने हाताने खूण केली, आडवे व्हा. आम्ही पाठीवर पडलो. कातळ नाकापासून वीतभर, त्यावर कालवं गच्च चिकटलेली, त्यांच्या कडा अशा धारदार की हात लागला तर कापलाच म्हणून समज. पुढे तर वीतभरही जागा नव्हती. त्याने होडीची झडप उघडली, फुस्स करून थोडी हवा सोडली, होडी दोन बोटं खाली बसली, आणि कालवं चुकवत, तळहाताने छत रेटत त्याने आम्हाला पलीकडे काढलं. बाबांनी माझा हात घट्ट धरला होता. मी घाबरले नव्हते, खूप आनंदात होते.

बाहेर आलो ते एकदम हिरव्या उजेडात. चारी बाजूंना कडे, त्यांच्या फटींत मुळं रोवून उभी झाडं, केवड्याच्या जातीची झुडपं, आणि तळाशी उथळ पाण्यात कांदळ. त्या मुलाने ओठांवर बोट ठेवलं. वल्ह्याचे थेंब पडतात तेवढा आवाज कड्यावरून परत ऐकू येत होता. कांदळाच्या मुळावर एक निवटी चढून बसली होती. आपल्या भाट्याच्या खाडीतल्यासारखीच, डोळे वर, गालफडं फुगलेली, शेपटीच्या झटक्याने चिखलावरून टुणकन उडी मारणारी. इराला आधी ती दाखव. जलचर म्हणजे पाण्यातच राहणारे, असं ती शाळेत शिकली असेल. हा मासा जमिनीवरही श्वास घेतो, हे तिला तिथे डोळ्यांनी बघू दे. वर कड्यावर माकडं होती. कोणी खायला देत असेल तर तू देऊ नकोस. एकदा सवय लागली की ती होडीत उड्या मारतात, चावतात, आणि स्वतःचं अन्न शोधायचं सोडतात.

आम्ही आत होतो तेव्हा दुसरी एकही होडी नव्हती, आणि हाच दुपारच्या बोटीचा फायदा. सकाळच्या बोटी परतीला लागलेल्या असतात. बोलणं थांबलं की पाखरं पुन्हा बाहेर येतात. आम्हाला समुद्र गरुड दिसला आणि धनेशाची जोडी कड्यावरून उडत गेली. ही खाडी १९८१पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २००२पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. पण उद्यान कागदावर असतं, हाँगच्या आत शांतता राखायची असते ती आपणच. बाहेरच्या काही गुहांत पाकोळ्या घरटी करतात. लाळेची ती घरटी खाण्यासाठी विकली जातात आणि ती काढण्याचे तिथे सरकारी मक्ते असतात. वेंगुर्ल्यासमोरच्या बेटावरच्या पाकोळ्यांची घरटी चोरून विकली जात होती आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने ते थांबवायला किती कष्ट घेतले, ते तू लहानपणी बाबांकडून ऐकलंयस.

सूर्यास्ताबद्दल थोडंच लिहिते. खाडी फुकेतच्या पूर्वेला, त्यामुळे सूर्य फुकेतच्या डोंगरांकडे उतरतो आणि बेटांचे कडे तेवढा वेळ तांबूस होतात. ती जागा विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंशांवर आहे, त्यामुळे संधिप्रकाश फार टिकत नाही. कॅमेऱ्याची तयारी करत बसलास तर चुकशील. फोन खिशात ठेव आणि बघ. जेवण बोटीवरच असतं. मासा उत्तम होता. अनघा शाकाहारी आहे हे बुकिंग करतानाच सांग, आणि माशाचा सॉसही नको असं स्पष्ट सांग, कारण तिथे तो भाजीतही घालतात.

जेवणाच्या आधी डेकवर सगळ्यांना क्राथोंग करायला बसवलं. केळीच्या खुंटाची जाड चकती, तिच्याभोवती केळीच्या पानांच्या घड्या टाचणीने टोचायच्या, मध्ये ऑर्किड आणि झेंडू, उदबत्त्या आणि एक मेणबत्ती. थाई वर्षाच्या बाराव्या महिन्यातल्या पौर्णिमेला सगळा देश असे दिवे पाण्यात सोडतो, आणि ती पौर्णिमा बहुतेक आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येते. वर्षभर पाणी वापरलं, घाण केलं, त्याबद्दल ते जलदेवतेची क्षमा मागतात, आणि ती देवता म्हणजे आपली गंगाच. बाबांना पंचगंगेचा घाट आठवला, ते बराच वेळ त्या मुलाशी खुणांनी बोलत होते. आमची पानं नीट दुमडली जाईनात, तेव्हा त्याने ती सोडवून पुन्हा टोचून दिली. अंधार पडल्यावर कॅनूने गुहेत जाऊन आम्ही तो दिवा सोडला, हात जोडले, आणि निघताना त्याने तो उचलून परत बोटीवर आणला. टाचण्या, मेण, काहीही पाण्यात ठेवायचं नाही. मला ते सगळ्यात जास्त आवडलं. आपल्या नद्यांच्या घाटांवरही हे करता येईल.

दिवा विझवल्यावर तो म्हणाला, हात पाण्यात घाला. मी घातला आणि बोटांभोवती निळसर ठिणग्या उठल्या. वल्हं फिरलं की त्याच्यामागे उजेडाची रेघ. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की त्यांच्या पेशीत रासायनिक क्रिया होते आणि क्षणभर प्रकाश पडतो. तसा उजेड आपल्या किनाऱ्यावरही कधी कधी लाटांत दिसतो, पण गावांच्या दिव्यांत तो हरवतो. गुहेत मिट्ट काळोख असतो, म्हणून तिथे एकेक ठिणगी वेगळी दिसते. इराला तिथे घाई करू नका. तिला हात घालून हवं तितकं ढवळू दे.

आता कामाचं. नोव्हेंबर ते एप्रिल हवा कोरडी असते, त्यातच जा. बुकिंग करताना विचार, एका कॅनूत किती जण, अंधार पडल्यावर पुन्हा कॅनू सोडतात का, आणि क्राथोंग परत उचलतात का. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून कंपनी कशी आहे ते कळेल. को हाँग नावाचं बेट क्राबीकडेही आहे आणि त्या सहली वेगळ्या असतात, म्हणून फांग न्गाच्या खाडीतलंच ना, ते नक्की कर. प्रवाळाला घातक रसायनं असलेलं सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१पासून चालत नाही, तेव्हा इथूनच बाटलीवरचं वाचून घे. पायात रबरी तळाचे बूट, फोनला पाणी न शिरणारी पिशवी, इराला एक जादा कपड्यांचा जोड. लाइफ जॅकेट तिच्या मापाचं आहे का, ते धक्क्यावरच बघ, बोट सुटल्यावर नको.

तारखा ठरल्या की लगेच कळव. अमावास्येच्या आसपासचा दिवस मिळाला तर ठिणग्या जास्त दिसतील, मी पंचांग बघून सांगते. आणि बोगद्यात आडवं पडायचं असतं, वटवाघळांचा वास येतो, तिथे ओरडायचं नाही, हे इराला निघण्याआधीच सांगून ठेव.

अनघाला आणि इराला आशीर्वाद.

तुझी,
आई